लोकांनी लिहिलं, नोटीस मात्र तुमच्या नावावर: साइट काढणाऱ्या नवख्यांसाठी

पुण्यात माणसाला मत नाही असं सहसा होत नाही, आणि ते मांडायला जागा मिळाली की तो सोडत नाही. त्यामुळे पीजी-होस्टेलचे रिव्ह्यू, सदाशिव पेठेतल्या मेसचे रिव्ह्यू, हिंजवडीत कुठली कंपनी पगार लटकवते, कुठल्या बिल्डरने पझेशन किती वर्षं रखडवलं, कुठल्या एमपीएससी क्लासने फी परत दिली नाही, अशा साइट्स आणि ॲप्स इथे सारखी निघत असतात. काढणारी मुलं बहुतेक इंजिनिअर. लॉगिन ओटीपीने ठेवायचं की गुगलने यावर आठवडेच्या आठवडे वाद घालतात, आणि लोकांनी लिहिलेल्या मजकुरासाठी आपल्याला कोर्टात उभं राहावं लागेल का, हा प्रश्न पहिली नोटीस हातात पडेपर्यंत कुणाला सुचत नाही.

मी वकील नाही. अशा साइट्सवरचं मॉडरेशन, म्हणजे लोकांनी टाकलेलं वाचून ठेवायचं की काढायचं ते ठरवणं, आणि तक्रारींचं काम बघतो, त्यामुळे वकिलांच्या ऑफिसात बसणं बरंच होतं. तिथे जे समजत गेलं ते इथे क्रमाने लिहितोय. प्रत्यक्ष नोटीस आली तर वकील गाठायचाच, पण निदान त्याच्यासमोर कोऱ्या चेहऱ्याने बसू नका.

उत्तर आधीच देऊन टाकतो. आपल्याकडे कायदा साइट चालवणाऱ्याच्या बाजूने बऱ्यापैकी आहे, पण ते संरक्षण अटी पाळल्या तरच मिळतं, आणि त्या अटी नोटीस यायच्या आधीपासून पाळलेल्या लागतात. नोटीस आल्यावर रात्रीत प्रायव्हसी पॉलिसी चिकटवून काही होत नाही.

पहिली पायरी: आपण नक्की कोण ते ठरवा

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये इंटरमीडियरी म्हणजे मध्यस्थ अशी एक जात आहे. दुसऱ्याची माहिती घेणारा, साठवणारा, पोचवणारा. इंटरनेट कंपन्या, होस्टिंगवाले, सर्च इंजिन, ऑनलाइन बाजार, अगदी सायबर कॅफेसुद्धा त्यात येतात. लोकांचे रिव्ह्यू दाखवणारी तुमची छोटी साइटही येते. या मध्यस्थाला कलम ७९ चं संरक्षण आहे, म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल त्याला जबाबदार धरायचं नाही. अट अशी की मजकूर पाठवायची सुरुवात त्याने केलेली नसावी, तो कुणाकडे जाणार हे त्याने ठरवलेलं नसावं, मजकूर त्याने निवडलेला किंवा बदललेला नसावा, आणि सरकारने सांगितलेली काळजी त्याने घेतलेली असावी. बदनामीत तुमचाच हात असेल, तुम्हीच कुणाला लिहायला चिथवलं असेल, तर संरक्षण गेलं.

हे कलम आजच्या रूपात २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे, आणि त्याआधी काय होतं ते बघितलं की याची किंमत कळते. २००८ मध्ये गुगलच्या एका ग्रुपवर ॲस्बेस्टॉस सिमेंट बनवणाऱ्या विशाका इंडस्ट्रीज या कंपनीविरुद्ध लेख आले, कंपनीने फौजदारी केस केली त्यात गुगल इंडियालाही ओढलं, आणि डिसेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जुनं कलम ७९ बदनामीच्या गुन्ह्याला लागूच होत नव्हतं, तेव्हा खटल्याला सामोरं जा. अकरा वर्षांनी! गुगलला परवडतं हो, तुमच्या-माझ्यासारख्याचं काय.

आता महत्त्वाचं. एकाच साइटवर तुम्ही काही ठिकाणी मध्यस्थ असता आणि काही ठिकाणी चक्क प्रकाशक. युझरने रिव्ह्यू टाकला, तिथे मध्यस्थ. तुमच्या टीमने 'पुण्यातले टॉप दहा भामटे बिल्डर' अशी यादी करून होमपेजवर लावली, तर ती तुमची. युझरच्या रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट काढून साइटच्या इन्स्टाग्रामवर 'हे वाचा आणि सावध राहा' म्हणून टाकलात तर तेही तुमचंच, कारण आता ते पसरवायचं तुम्ही ठरवलंत. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने अरविंद केजरीवालांच्या केसमध्ये म्हटलं की बदनामीकारक मजकूर रिट्वीट करणं हीसुद्धा प्रसिद्धी धरता येते. तेव्हा मार्केटिंगवाल्या मुलामुलींना हे आधी समजावून सांगा, माझ्या बघण्यात गोंधळ तिथेच जास्त होतो.

दुसरी पायरी: बदनामी कशाला म्हणतात ते एकदा बारकाईने बघा

समजा कर्वेनगरमधल्या एका मेसबद्दल, मालकाचं नाव घालून, कुणीतरी असं लिहिलं: 'जेवण एकदम भिकार, भाजी म्हणजे नुसतं पाणी. दोनदा भाजीत झुरळ निघालं. मालक एक नंबरचा चोर आहे, माझं दोन हजार डिपॉझिट खाल्लं. मुलींनी तर तिथे जाऊच नका, काय ते समजून घ्या.'

भाजी पाणचट आहे हे मत झालं, त्यावर कुणी कोर्टात जात नाही आणि गेला तरी हाती फार लागत नाही. झुरळ निघालं ही घटना आहे, निघालं किंवा नाही निघालं, फोटो असला तर लिहिणारा भक्कम. डिपॉझिट खाल्लं हीसुद्धा घटनाच, पावती किंवा यूपीआयची एंट्री दाखवता येते, पण त्याला जोडलेला 'चोर' हा शब्द गुन्ह्याचा आरोप आहे आणि समोरचा वकील नेमका तोच उचलणार. सगळ्यात वाईट ते शेवटचं वाक्य. त्यात थेट काहीच नाही आणि तरीही मालकाच्या चारित्र्यावर शिंतोडा आहे, ज्याचा पुरावा बहुधा लिहिणाऱ्याकडेही नसतो. मॉडरेशन करताना मी नजर आधी अशाच वाक्यांवर टाकतो, शिव्या नंतर.

कायदा दोन वाटांनी येतो. एक फौजदारी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानातली कलमं ४९९ आणि ५००, १ जुलै २०२४ पासून नवीन नंबर. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवेचाही पर्याय आला आहे. २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामींच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा घटनेत बसतो असंच म्हटलं, त्यामुळे 'बदनामी आता गुन्हा राहिली नाही' असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकू नका. कंपनी किंवा संस्थेचीही बदनामी होते, मेलेल्या माणसाचीही होऊ शकते. आणि पुणेकरांनी विशेष लक्ष द्यावं असं एक स्पष्टीकरण त्या कलमात आहे: आरोप उपरोधाने केला तरी तो आरोपच. 'फारच प्रामाणिक माणूस हो, डिपॉझिट सोडून सगळं परत देतो' असं लिहून कुणी सुटत नाही.

दुसरी वाट दिवाणी, नुकसानभरपाईचा दावा आणि मनाई हुकूम, म्हणजे मजकूर बंद ठेवा असा कोर्टाचा आदेश. फरक असा की दिवाणीत मजकूर खरा असल्याचं सिद्ध केलं की बचाव पुरा होतो, फौजदारीत खऱ्याच्या जोडीला ते सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. अपवाद एकूण दहा आहेत, सद्भावनेने स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितासाठी केलेलं विधान वगैरे, ते वकिलाकडून समजून घ्या.

तिसरी पायरी: कागदपत्रं, लाँचच्या आधी

कंटाळवाणं आहे, पण 'काळजी घेतली होती का' हा प्रश्न आला की आधी हेच बघितलं जातं. २५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने मध्यस्थांसाठी नियम काढले, त्यात नंतर दुरुस्त्या होत गेल्या. त्यानुसार साइटवर अटी-शर्ती, प्रायव्हसी पॉलिसी आणि युझर करार लावायचा, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ठळक लावायचा, आणि अटी मोडल्या तर अकाउंट बंद होऊ शकतं हे युझरना ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा कळवायचं. मी दर तीन महिन्यांनी एक मेल पाठवायला सांगतो. २०२२ पासून या अटी इंग्रजी किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेत, युझरला हवी त्या, द्यायच्या आहेत, म्हणजे मराठीत लावणं हा नुसता भाषाप्रेमाचा विषय राहिलेला नाही.

तक्रार अधिकारी म्हणून वेगळा माणूस ठेवा असं छोट्या साइटवर बंधन नाही, तुमच्यापैकीच एक चालतो. पन्नास लाखांवर युझर असलेल्या मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांना भारतात राहणारे वेगळे अधिकारी, दर महिन्याचा अहवाल वगैरे जास्तीचं असतं, ते सोडून द्या, तेवढे युझर झाले की तुमच्याकडे वकिलांची फौज असेलच. मात्र तो मेल आयडी कुणीतरी रोज उघडायला हवा. दिवाळीच्या सुट्टीतही.

अटी-शर्ती कुठल्या तरी अमेरिकन साइटवरून उचलू नका. तिथे १९९६ पासून सेक्शन २३० हे कलम आहे, ज्याने साइटवाल्याला आपल्यापेक्षा खूपच मोकळं सोडलंय, आणि त्या अटींमध्ये कॅलिफोर्नियाच्या कोर्टाचं नाव तसंच राहिलेलं मी इथल्या साइट्सवर बघितलंय. वकिलाकडून एकदाच नीट करून घ्या, पुण्याचं कोर्ट लिहा. अर्थात ते युझर आणि तुमच्यातलं झालं. ज्याची बदनामी झाली तो तुमच्या अटींना बांधील नाही, तो त्याचं नुकसान जिथे झालं तिथे किंवा तुम्ही राहता तिथे दावा लावू शकतो. नागपूरच्या माणसाबद्दल मजकूर असेल तर तारखांना नागपूर.

एक गंमत सांगतो. २०२१ च्या नियमांत युझरने काय टाकू नये या यादीत 'बदनामीकारक' हा शब्द होता, ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीत तो काढला. म्हणजे अमुक मजकूर बदनामीकारक आहे की नाही याचा न्याय करत बसायची अपेक्षा तुमच्याकडून कमी झाली. तरी स्वतःच्या अटींमध्ये मी तो ठेवतोच, कारण मजकूर काढायची वेळ आली की युझरला दाखवायला नियम लागतो.

चौथी पायरी: काढा, पण हात लावून बदलू नका

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. पुष्कळ जणांचा समज असतो की आपण मॉडरेशन केलं की आपण जबाबदार झालो, त्यापेक्षा बघायचंच नाही. तसं नाहीये. २०२१ च्या नियमांतच स्पष्ट म्हटलंय की नियमात न बसणारा मजकूर स्वतःहून किंवा तक्रारीवरून काढला तर त्याने कलम ७९ च्या अटीचा भंग होत नाही. काढायला मोकळीक आहे.

अडचण बदलण्यात आहे. मॉडरेटर चांगल्या मनाने 'मालक चोर आहे' याचं 'मालक चोर असावा असं वाटतं' करतो, त्याला वाटतं आपण धार काढली, आणि आता ते वाक्य जगात कुणीच लिहिलेलं नाही, फक्त तुम्ही लिहिलंय. शुद्धलेखन सुधारणं, शीर्षक आकर्षक करणं, लांब रिव्ह्यू कापून अर्धा ठेवणं, सगळं त्याच वाटेचं. आमच्याकडे मॉडरेटरच्या पॅनलवरून एडिटचं बटणच काढून टाकायला लावलं. तीन बटणं राहिली: ठेवा, लपवा, लेखकाकडे परत पाठवा. परत पाठवताना 'या वाक्यात गुन्ह्याचा आरोप आहे, पुरावा असेल तर जोडा नाहीतर स्वतः बदला' एवढंच लिहायचं, नवीन वाक्य सुचवायचंही नाही.

प्रत्येक रिव्ह्यू आधी वाचून मगच प्रसिद्ध करणाऱ्या साइट्स असतात. हेतू चांगला, पण समोरचा वकील म्हणेल की तुम्ही वाचून निवडलंत, आणि त्याला उत्तर देणं जड जातं. मला नंतरचं मॉडरेशन बरं वाटतं, आणि तक्रारीचं बटण प्रत्येक पोस्टखाली, चटकन दिसेल असं. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला तिथेच उत्तर द्यायची सोय ठेवा. मेसवाल्याने 'झुरळ निघालं त्या दिवशी पेस्ट कंट्रोल करून घेतलं, ही पावती' असं टाकलं की निम्मे वाद तिथेच मिटतात.

आणि रिव्ह्यू काढण्याचे पैसे ज्याच्याबद्दल रिव्ह्यू आहे त्याच्याकडून घेऊ नका, त्याला कितीही गोड नाव दिलं तरी. त्या दिवसानंतर तुम्ही त्रयस्थ उरत नाही, आणि खंडणीचा आरोप झाला तर तो दखलपात्र असतो, म्हणजे पोलिस मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करू शकतात.

पाचवी पायरी: नोंदी

नियम सांगतो, स्वतःहून किंवा तक्रारीवरून काढलेला मजकूर आणि त्याच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवा, तपासासाठी. अकाउंट बंद केलेल्या युझरची रजिस्ट्रेशनची माहितीही १८० दिवस. म्हणून डेटाबेसमधून खरंखुरं डिलीट करू नका, साइटवर दिसेनासं करा. कुणी, कधी, कुठल्या आयपीवरून टाकलं, तक्रार कधी आली, काय निर्णय घेतला, हे एका जागी. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूसुद्धा (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) मागतात, तेव्हा नुसत्या मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका.

सहावी पायरी: नोटीस आली

ती येतेच. आरपीएडीने, म्हणजे पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने, जाड पाकीट येतं, हल्ली त्याआधी व्हॉट्सॲपवर पीडीएफही येते. आत साधारण असं: 'आमचे अशील यांनी दिलेल्या माहिती व सूचनेवरून आपणांस नोटीस देण्यात येते की, आमचे अशील हे समाजात प्रतिष्ठित असून...' मग अशिलाला झालेला अतोनात मानसिक त्रास, मग सात दिवसांचे आत मजकूर काढून जाहीर माफी मागावी, पन्नास लाख नुकसानभरपाई द्यावी, नाहीतर दिवाणी व फौजदारी कारवाई करणेत येईल, आणि तळाला 'सदर नोटिशीचा खर्च रुपये पाच हजार आपणांवर बसविणेत आला आहे.' पहिल्यांदा वाचणाऱ्याचे हातपाय गार पडतात.

वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाची ऑर्डर नव्हे. हे सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल निकालात सांगितलं आहे. तोच निकाल ज्यात कलम ६६अ रद्द झालं. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, नोव्हेंबर २०१२, त्यानंतर एका कायद्याच्या विद्यार्थिनीने केलेली ही याचिका. ६६अ सगळ्यांना आठवतं, कलम ७९ बद्दल कोर्ट काय बोललं ते फारसं कुणाला आठवत नाही. कायद्यात शब्द होता की मध्यस्थाला 'प्रत्यक्ष माहिती' मिळाल्यावर त्याने मजकूर काढला नाही तर संरक्षण जातं. कोर्ट म्हणालं, ही प्रत्यक्ष माहिती म्हणजे कोर्टाचा आदेश किंवा सरकारची अधिकृत सूचना, नाहीतर लाखो तक्रारींपैकी कुठली खरी हे मध्यस्थाने कसं ठरवायचं?

म्हणून नोटीस बासनात गुंडाळून ठेवायची का? अजिबात नाही. ती तक्रार आहेच, आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आहे. निकाली काढायला २०२१ च्या नियमांत १५ दिवस होते, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ते सातवर आले. खाजगी अवयवांचे फोटो, मॉर्फ केलेले फोटो असल्या तक्रारींना तासांत मोजावी अशी मुदत आहे, त्या वेगळ्या रांगेत ठेवा, तिथे विचार करत बसायचं नाही, काढायचं.

आम्ही करतो ते असं. पाकिटावर मिळाल्याची तारीख टाकायची, त्या पानाची जशीच्या तशी प्रत करून ठेवायची, आणि पाठवणाऱ्याला फोन अजिबात करायचा नाही. फोनवर माणूस 'हो हो, चुकलंच आमच्या पोराचं' असं सौजन्याने बोलून जातो आणि ते रेकॉर्ड होतं. पोच देताना लेखी विचारायचं की नेमकी लिंक कुठली आणि नेमकी वाक्यं कुठली, कारण निम्म्या नोटिशींत 'आपल्या साइटवरील सर्व बदनामीकारक मजकूर' एवढंच असतं. मग ज्याने लिहिलंय त्याला कळवायचं, त्याचं म्हणणं आणि पुरावा मागायचा. गंमत अशी की बरेच जण इथेच स्वतःहून पोस्ट मागे घेतात.

उरलेल्यांत आपली अक्कल चालवायची. उघड शिव्या, कुणाचा मोबाइल नंबर, घरचा पत्ता, जात काढलेली, बाईच्या चारित्र्यावरचं सूचक काही, हे मी कोर्टाची वाट न बघता काढतो. डिपॉझिट परत दिलं नाही आणि ही पावती, असं सरळ लिहिलेलं असेल तर ठेवतो आणि वकिलातर्फे दोन परिच्छेदांचं उत्तर देतो. घाबरून सगळंच काढत गेलात तर महिन्याभरात तुमची साइट म्हणजे मेसवाल्यांची जाहिरात होईल, आणि हे तुम्हाला माहीत नसलं तरी नोटीस पाठवणाऱ्याला पक्कं माहीत असतं. रकमेला घाबरू नका. दावा लावताना मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरावी लागते, त्यामुळे नोटिशीतले कोटी शिवाजीनगर कोर्टात पोचेपर्यंत बरेच वाळतात.

अधूनमधून बदनामीची तक्रार कॉपीराइटची म्हणून येते, 'हा आमचा मजकूर आहे, काढा' म्हणून, कारण कॉपीराइटमध्ये कोर्टाच्या आदेशाआधीच मजकूर खाली घ्यायची पद्धत आहे. मेसच्या रिव्ह्यूवर मेसवाल्याचा कॉपीराइट कसा काय असेल बुवा?

कोर्टाचा आदेश आला तर

इथे वाद घालायचा नाही. आधी काढायचं, मग वाटलं तर वरच्या कोर्टात जायचं. मूळ नियमात ३६ तास होते, फेब्रुवारी २०२६ पासून तीन तास. तीन तासांत रविवारी रात्री कोण जागं असेल हे आधी ठरवून ठेवा. आदेशाची प्रत खरी आहे का हे ई-कोर्ट्सच्या साइटवर केस नंबर टाकून बघा, बनावट आदेशही फिरत असतात. आणि आदेशात जेवढ्या लिंक आहेत तेवढ्याच काढा, संपूर्ण युझर उडवू नका.

लिहिणारा सापडत नसेल तर दावा 'अशोक कुमार' नावाच्या माणसावर लागलेला दिसेल. हा तुमचा कुणी युझर नव्हे, अनोळखी प्रतिवादीला आपल्या कोर्टात हे नाव देतात. सोबत प्रतिवादी म्हणून तुमची साइट असते, कारण मजकूर काढायचा आदेश शेवटी कुणावर तरी बजावावा लागतो. पक्षकार केलं म्हणजे दोषी धरलं असं नाही, पण हजर राहिला नाहीत तर एकतर्फी आदेश होतो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची, कोर्टाने मुभा दिली तर ९० दिवसांपर्यंत. खटला चालायच्या आधीच मजकूर बंद करा असा अर्ज असेल तर वकिलाला मार्च २०२४ च्या ब्लूमबर्ग विरुद्ध झी या सुप्रीम कोर्टाच्या निकालाची आठवण करा, असा अंतरिम मनाई हुकूम अपवादानेच द्यावा असं त्यात म्हटलंय.

पोलिसांचा फोन

'सायबरला या', म्हणजे सायबर पोलिस ठाण्यात या, असा फोन आला की लोक जास्त घाबरतात. नुसती बदनामी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. पोलिस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतात, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत, तक्रारदाराला स्वतः मॅजिस्ट्रेटपुढे खाजगी फिर्याद करावी लागते, आणि नवीन नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीचं म्हणणंही ऐकावं लागतं. पण तक्रारीत बदनामीसोबत अश्लील मजकूर, पाठलाग, धर्मावरून तेढ असलं काही जोडलेलं असेल तर चित्र बदलतं, म्हणून फोनवर नम्रपणे कलम विचारून घ्या आणि वकिलाला सोबत न्या.

युझरची माहिती मागितली तर लेखी आदेश मागा. अधिकृत तपास यंत्रणेने लेखी, कारण नमूद करून मागितली तर ७२ तासांत द्यायची असते, आणि द्यायची. पण मेसवाल्याच्या ओळखीच्या हवालदाराने व्हॉट्सॲपवर 'जरा त्या पोराचा नंबर पाठवा साहेब' म्हटलं तर तो लेखी आदेश होत नाही. वकिलाच्या नोटिशीवर युझरचं नाव देणं तर मुळीच नाही, त्यासाठी त्यांनी कोर्टातून आदेश आणावा.

साइटसोबत व्हॉट्सॲप ग्रुपही चालवत असाल, तर ॲडमिन म्हणून जबाबदारीचं काय हे सगळे विचारतात. मार्च २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने गोंदियाच्या एका केसमध्ये सांगितलं की सदस्याने काही टाकलं म्हणून ॲडमिनला धरता येत नाही, दोघांचा मिळून तसा हेतू होता असं दिसलं तर गोष्ट वेगळी. दिल्ली हायकोर्टाने २०१६ मध्येच म्हटलं होतं की ग्रुप ॲडमिनला धरणं म्हणजे पेपरातल्या बदनामीसाठी कागदाच्या कारखान्याला धरण्यासारखं आहे. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीबद्दल रोज जे चालतं ते बघता हे बरंच झालं म्हणायचं.

शेवटचं, फाइल किती दिवस ठेवायची. दिवाणी दाव्याला मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष, आणि २०१३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलंय की पोस्ट साइटवर राहिली म्हणून रोज नवी मुदत सुरू होत नाही. पण तीच पोस्ट तुम्ही नव्या डिझाइनमध्ये नव्या लिंकवर पुन्हा टाकलीत तर समोरचा म्हणणार की ही नवीन प्रसिद्धी, तेव्हा साइट बदलताना जुन्या तारखा आणि लिंक शाबूत ठेवा. फौजदारीला तीन वर्षं. नियम १८० दिवस म्हणत असला तरी ज्या पोस्टवर एकदा नोटीस आली तिची पाकिटासकट फाइल मी तीन वर्षं हलवत नाही, आणि डेव्हलपरला सर्व्हर साफ करायच्या आधी त्या पोस्टची यादी दाखवायला सांगून ठेवलंय.